मालवणच्या कुर्लीपासून केसपेपरपर्यंत : 'रक्त' या अर्थाच्या लॅटिन मुळापासून आलेले इंग्रजी शब्द कसे शिकावेत

मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून होड्या पुन्हा दर्यात गेल्या की मालवणच्या मासळी बाजारात कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, टोपल्या येतात. त्यांतली एक जात लांबूनही ओळखू येते. पाठ हिरवट करडी, दोन्ही बाजूंना एकेक लांब काटा, आणि पाठीच्या मागच्या भागावर फिकट कडेचे तीन गडद लाल ठिपके. विकणारी बाई एकेक कुर्ली उलटीसुलटी करून दाखवत होती. "ह्यो बघ बाय, पाठीर तीन तीन रगताचे थेंब." माझ्यासोबत नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करणारी एक विद्यार्थिनी होती. तिने विचारलं, "बाई, हिचा शास्त्रीय नाव काय आसा?"

नाव आहे पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस. हर्बस्ट नावाच्या जर्मन निसर्गअभ्यासकाने 1783 मध्ये हिचं वर्णन केलं, आणि त्यालाही पाठीवर तेच दिसलं जे आमच्या बाजारातल्या बाईला दिसतं. सँग्विनोलेंटस म्हणजे रक्ताळलेली.

त्या संध्याकाळी आम्ही घरी येऊन पडवीत बसलो आणि या एका शब्दाचं अख्खं कुळ वहीत मांडलं. तेव्हापासून लॅटिन मुळांची ओळख मी याच कुळाने करून देते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावतात, ती मुलं रात्र रात्र जागून पाठ करतात, आणि आठ दिवसांत सगळं पुसलं जातं. त्यात त्यांची चूक नाही. शब्द फोडून पाहण्याची हातोटी त्यांना मराठी आणि संस्कृतातून आधीच मिळालेली असते, ती इथे वापरायची असं त्यांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. सोबत एक वही, लाल आणि निळं पेन आणि रोजची अर्धा तास बैठक एवढं पुरे. पाच-सहा दिवसांत काम होतं.

पायरी 1 : मुळाचं सामान्यरूप ओळखा

लॅटिनमध्ये रक्ताला सँग्विस म्हणतात. पण इंग्रजी शब्दांत 'सँग्विस' शोधायला गेलात तर सापडणार नाही. मराठीत 'पाणी'ला प्रत्यय लागण्याआधी त्याचं 'पाण्या' होतं आणि मग पाण्याला, पाण्यात, पाण्याने अशी रूपं होतात. तसं सँग्विसचं 'सँग्विन' होतं आणि पुढचे प्रत्यय या रूपाला लागतात. म्हणून डोळ्यांना सवय लावायची ती सात अक्षरांची: एस, ए, एन, जी, यू, आय, एन. ही सात अक्षरं याच क्रमाने दिसली की जवळजवळ नेहमी रक्ताशी संबंध असतो.

दुसरं रूप आखूड आहे. लॅटिनच्या लेकी मोठ्या झाल्या तेव्हा त्यांनी हा शब्द झिजवला: फ्रेंचमध्ये साँ, स्पॅनिशमध्ये सांग्रे, पोर्तुगीजमध्ये सांग. आपल्याकडेही हेच घडलं. संस्कृतातलं 'रक्त' गावच्या तोंडी 'रगत' झालं, आणि त्याहून जुन्या वाटेने प्राकृतात 'रत्त' होऊन मराठीत 'राता' झालं. राता म्हणजे लाल. आगळ ज्या फळाचं करतो त्या रातांब्यातला, म्हणजे कोकमाच्या फळातला, राता तोच. इंग्रजीने फ्रेंच आणि स्पॅनिशकडून काही शब्द थेट उचलले, त्यांत हे झिजलेलं रूप दिसतं.

वहीच्या पानाच्या मधोमध लाल पेनाने 'सँग्विन' लिहा, भोवती गोल करा. कोपऱ्यात 'साँ, सांग्रे' लिहून ठेवा. त्या दिवशी एवढंच करा.

पायरी 2 : मागचंपुढचं वेगळं करा

आठवीच्या मुलालाही ठाऊक असतं की 'हार'ला आ लागला की आहार, वि लागला की विहार, प्र लागला की प्रहार, सं लागला की संहार. इंग्रजीत तीच रीत आहे, फक्त उपसर्ग लॅटिनचे.

'कॉन' म्हणजे एकत्र, आपल्या 'सह' किंवा 'स'सारखं काम करतो. 'एक्स' म्हणजे बाहेर. प्रत्ययांत 'इटी' भाववाचक नाम करतो, आपल्या 'ता' आणि 'त्व'सारखा. 'एशन' क्रियेचं नाम करतो. 'इयस' विशेषण करतो.

आणि 'ओलेंट' किंवा 'युलेंट'. हा माझा आवडता प्रत्यय आहे, त्याच्यापाशी थोडं थांबते. त्याचा अर्थ 'ने भरलेला, ने माखलेला'. व्हायोलंट, टर्ब्युलंट, ऑप्युलंट यांत तोच आहे. आता दवाखान्यातला एक शब्द घ्या: प्युर्युलंट. जखमेत पू झाला की डॉक्टर हा शब्द लिहितात. पुवाला लॅटिनमध्ये पूस म्हणतात, आणि लॅटिनचं पूस व संस्कृतचं पूय, ज्यातून आपला 'पू' आला, हे शब्द एकाच प्राचीन मुळातून निघालेले सख्खे नातलग आहेत. आता मराठी शब्द बघा: पुवाळलेली जखम, रक्ताळलेली जखम. प्युर्युलंट आणि सँग्विनोलंट. लॅटिनने जे काम 'ओलेंट'वर सोपवलं ते मराठीने 'आळणे'वर सोपवलं. माझ्या विद्यार्थिनीने हे दोन जोड एकाखाली एक लिहिले, आणि त्यानंतर तिला सँग्विनोलेंटसचा अर्थ पुन्हा विचारावा लागला नाही.

पायरी 3 : सँग्विन आणि सँग्विनरी, दोन वेगळ्या पानांवर

परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण याच जोडीत जातात. सँग्विन म्हणजे आशावादी, उमेद बाळगणारा. सँग्विनरी म्हणजे रक्तपाताचा, रक्तपिपासू. एखादा माणूस निवडणुकीच्या निकालाबद्दल सँग्विन आहे म्हणजे त्याला जिंकण्याची खात्री वाटते. लढाई सँग्विनरी झाली म्हणजे रक्ताचे पाट वाहिले. एकच मूळ आणि अर्थ दोन टोकांना कसे गेले, हे समजलं तर गोंधळ होत नाही, म्हणून गोष्ट पूर्ण सांगते.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतून आणि दुसऱ्या शतकातल्या गॅलेनच्या लेखनातून युरोपात एक समजूत रुजली की शरीरात चार रस असतात: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात जो रस जास्त, तसा त्याचा स्वभाव. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे वात, पित्त, कफ या तीन दोषांवरून 'पित्तप्रकृतीचा', 'कफप्रकृतीचा' असं घराघरांत अजून बोलतात. सुश्रुताने तर या तिघांच्या जोडीला चौथं म्हणून रक्ताचाही विचार केला आहे.

युरोपच्या या हिशेबात ज्याच्यात रक्त जास्त तो गालांवर लाली असलेला, हसतमुख, उत्साही. तो सँग्विन. कफ जास्त असलेला फ्लेग्मॅटिक, म्हणजे थंड, संथ. पिवळ्या पित्ताचा कॉलरिक, म्हणजे तापट. काळ्या पित्ताचा मेलँकॉलिक, म्हणजे उदास. ग्रीकमध्ये 'मेलास' म्हणजे काळा आणि 'कोले' म्हणजे पित्त. मराठीत आपण 'त्याचं पित्त खवळलं' म्हणतो तेव्हा कॉलरिकचा अर्थ तंतोतंत सांगत असतो. म्हणजे चार शब्द एकदम हाती आले, आणि एकही पाठ करावा लागला नाही.

रसांचा सिद्धांत पुढे वैद्यकातून गेला, शब्द मात्र राहिले. 'लाल गालांचा' वरून 'आनंदी', 'आनंदी' वरून 'पुढचं चांगलंच होईल असं मानणारा' इथवर सँग्विन सरकला. सँग्विनरीने अंगाबाहेर सांडलेल्या रक्ताचा अर्थ धरून ठेवला. ध्यानात ठेवायची खूण अशी: सँग्विनमधलं रक्त गालात आहे, सँग्विनरीतलं जमिनीवर. आणि वाक्यात 'अबाउट' पुढे आला तर तो बहुधा सँग्विनच.

सँग्विनचा आणखी एक अर्थ चित्रकारांच्या जगात सापडतो. लालसर तपकिरी खडूला सँग्विन म्हणतात. तूरीनच्या राजग्रंथालयात लिओनार्दो दा विंचीचं स्वतःचं मानलं जाणारं जे दाढीवाल्या वृद्धाचं रेखाचित्र आहे, ते लाल खडूचं आहे. या खडूचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा. तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो त्याचाही रंग त्याच ऑक्साइडचा.

पायरी 4 : नात्यांचे शब्द

कॉन अधिक सँग्विन: कॉन्सँग्विनिटी. एका रक्ताचे असणं. रक्ताच्या नात्याला कॉन्सँग्विनिटी आणि लग्नाने जुळलेल्या नात्याला अफिनिटी, अशी कायद्याच्या इंग्रजीत विभागणी आहे. काका, आत्या, चुलतभाऊ पहिल्यात. सासू, दीर, मेहुणा दुसऱ्यात.

हा शब्द गरोदर बाईच्या केसपेपरवर असतो आणि तिथेच तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डॉक्टर किंवा नर्स विचारते, 'कॉन्सँग्विनस मॅरेज आहे का?' पुष्कळ बायका प्रश्न न कळल्याने 'नाही' म्हणून मोकळ्या होतात. विचारणाऱ्याने हा प्रश्न मराठीत असाच विचारला पाहिजे: "तुमचं आणि नवऱ्याचं लग्नाआधीपासून रक्ताचं नातं होतं का? मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, मामा?" कोकणात आणि बाकी महाराष्ट्रातही कित्येक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे, त्यामुळे उत्तर 'हो' असू शकतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना ते हवं असतं कारण सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं समान असतात, आणि काही आनुवंशिक आजार दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं तरच मुलात उतरतात.

'सगोत्र' हा याचा प्रतिशब्द म्हणून काही जण लिहितात, तो चुकीचा आहे. गोत्र बापाकडून चालतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं असतं, तरी तिच्याशी नातं कॉन्सँग्विनस असतंच. उलट सगोत्र असलेली दोन माणसं रक्ताने हजार वर्षं दूर असू शकतात. 'सपिंड' थोडा जवळचा आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नातं आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत आणि वडिलांकडून पाचव्या पिढीपर्यंत धरलं आहे, रूढी असेल तिथे सूट आहे. तरी साध्या 'रक्ताचं नातं' या शब्दांइतकं स्पष्ट दुसरं काही नाही, मी तेच लिहायला सांगते.

वारसाच्या कागदांत याच मुळाचा एक बारीक अर्थ भेटतो. मुस्लिम वारसाहक्काच्या भारतातल्या इंग्रजी पुस्तकांत आणि निकालपत्रांत भावंडांचे तीन प्रकार येतात. फुल ब्रदर म्हणजे आईबाप दोन्ही एक. कॉन्सँग्विन ब्रदर म्हणजे बाप एक, आया वेगळ्या. युटेराइन ब्रदर म्हणजे आई एक, बाप वेगळे. युटेरस म्हणजे गर्भाशय. किनाऱ्यावरच्या कोकणी मुस्लिम घरांत वाटणीचे कागद आले तर हा फरक डोळ्यांआड करून चालत नाही, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या भावाचे हिस्से वेगळ्या नियमांनी ठरतात. मराठीत दोघांनाही आपण 'सावत्र' म्हणतो आणि भाषांतर करणारा तिथे घसरतो. 'सावत्र, बापाकडून एक' आणि 'सावत्र, आईकडून एक' असं लिहा. हिंदू विवाह कायदाही फुल ब्लड, हाफ ब्लड, युटेराइन ब्लड असे तीन शब्द वापरतो, पण लॅटिन सोडून साध्या इंग्रजी 'ब्लड'ने.

पायरी 5 : दवाखान्यात लॅटिन आणि ग्रीक शेजारी शेजारी

नर्सिंगच्या मुलींना ही पायरी रोज लागणार. ऑपरेशननंतर जखमेत नळी ठेवतात आणि त्यातून काय येतंय ते दर पाळीला लिहायचं असतं. चार शब्द आहेत. सीरस म्हणजे पातळ, गवताच्या काडीसारखं फिकट पिवळसर पाणी. सीरोसँग्विनियस म्हणजे त्या पाण्यात थोडं रक्त मिसळलेलं, गुलाबी. सोलकढी फार पातळ केली तर जो रंग येईल तसा. सँग्विनियस म्हणजे लालभडक, ताजं रक्त. प्युर्युलंट वर आलाच आहे. काल सीरोसँग्विनियस लिहिलेलं आज सँग्विनियस झालं तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं असतं, कारण आत कुठेतरी नव्याने रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. 'सीरो' एवढा तुकडा लिहायचा राहिला तर कागदावर पेशंटची स्थिती बदलते. म्हणून हा शब्द घाईत आखूड करून लिहू नका.

एक्ससँग्विनेशन म्हणजे अंगातलं रक्त बाहेर वाहून जाणं, जीव जाईल इतकं. प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोला साधारण 70 मिलिलिटर रक्त धरतात. म्हणजे 60 किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास. त्यातलं 40 टक्क्यांहून अधिक गेलं की जीव धोक्यात. रक्तदानात 350 किंवा 450 मिलिलिटर घेतात, त्यामुळे त्याला भिण्याचं कारण राहत नाही.

आता मुली विचारतात, "बाई, मग हिमोग्लोबिनमध्ये सँग्विन का नाही?" कारण आजारांची आणि तपासण्यांची नावं बहुतेक ग्रीकवरून घडवली आहेत. ग्रीकमध्ये रक्ताला हायमा. ब्रिटिश लिखाणात ते एच-ए-ई-एम असं, अमेरिकन लिखाणात एच-ई-एम असं दिसतं. आपल्याकडच्या लॅबच्या कागदांवर दोन्ही चालतात, त्याने अर्थ बदलत नाही. वहीत निळ्या पेनाने दुसरा गोल करा आणि 'हायमा' लिहा.

अॅनिमिया: 'अन्' म्हणजे नसणं, संस्कृतातल्या अन्-सारखाच, आणि हायमा. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की हा शब्द कार्डावर येतो. ल्युकेमिया: ल्युकोस म्हणजे पांढरा. हिमोफिलिया, हिमॅच्युरिया, हिमॅटोलॉजी हे तुम्ही आता स्वतः फोडून बघा. शेवटच्या तुकड्यांचे अर्थ अनुक्रमे ओढ, लघवी आणि शास्त्र.

हेमरेजमधला 'रेज' म्हणजे फुटून वाहणं. हा शब्द आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात नीट समजायला हवा. दोडामार्ग तालुक्यात 2016 पासून जो माकडताप ऐकू येतो तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडलेला, आणि पुस्तकांत तो 'व्हायरल हेमरेजिक फीव्हर' या गटात असतो. म्हणजे ज्यात रक्तस्राव होऊ शकतो असा विषाणूजन्य ताप. भातलावणीच्या दिवसांतल्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) जंतूंच्या एका प्रकाराचं नाव तर इक्टेरोहेमरेजी असं लांबलचक आहे. घाबरू नका, फोडा: इक्टेरो म्हणजे कावीळ, हेम म्हणजे रक्त, रेज म्हणजे वाहणं. आजाराची दोन लक्षणं नावातच सांगितली आहेत.

पावसात सह्याद्रीच्या वाटांवर पायाला चिकटणाऱ्या जळवांचं शास्त्रीय नाव हिमाडिप्सा. डिप्सा म्हणजे तहान. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येणारा, लाल चोचीचा, कालवं फोडून खाणारा पक्षी हिमॅटोपस, म्हणजे रक्तासारख्या पायांचा. रेडीच्या खाणींतून निघणाऱ्या लोहखनिजात हिमॅटाइट असतं, त्याची पूड लाल होते म्हणून ते नाव. दवाखाना सोडून बाहेर पडलात तरी हा शब्द भेटत राहतो.

पायरी 6 : झिजलेले शब्द

दोनच घेऊ. 'साँफ्र्वा' हा फ्रेंचमधून जसाच्या तसा आला. शब्दशः 'थंड रक्त', अर्थ 'संकटात डोकं शांत ठेवणं'. वादळात इंजिन बंद पडलेल्या होडीवर जो तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आरडाओरडा न करता एकेक गोष्ट करत जातो, त्याच्यापाशी साँफ्र्वा आहे. पण इंग्रजीत 'इन कोल्ड ब्लड' म्हटलं की अर्थ नेमका निर्दयतेकडे जातो. दोन्हींची भेसळ करू नका.

दुसरा सँग्रिया. बांद्याच्या पुढे गोव्यात शिरलात की हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो. लाल वाइनमध्ये फळांच्या फोडी टाकून केलेलं पेय. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ 'रक्त काढणं', पेयाला नाव रंगावरून मिळालं.

पायरी 7 : सांडलेल्या रक्ताचा दुसरा शब्द

लॅटिनमध्ये रक्ताला दोन शब्द होते. अंगात वाहतं ते सँग्विस. अंगाबाहेर सांडलं, जखमेतून वाहिलं ते क्रुओर. आणि इथे मराठी माणसाच्या अंगावर काटा यावा अशी गोष्ट आहे. क्रुओर ज्या प्राचीन मुळातून आलं त्याच मुळातून संस्कृतचे क्रविस् आणि क्रव्य, म्हणजे कच्चं मांस, हे शब्द आले; क्रव्याद म्हणजे मांस खाणारा. आणि त्याच मुळातून 'क्रूर'. इंग्रजी क्रूएल लॅटिनच्या वाटेने त्याच मुळाशी पोचतो. क्रूर आणि क्रूएल हे कुणी कुणाकडून घेतलेले शब्द नाहीत. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली ती भावंडं आहेत.

लॅटिनचं 'क्रूडस' म्हणजे कच्चं, रक्त न सुकलेलं. त्यावरून क्रूड. 1974 मध्ये आपल्या अरबी समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं, तेव्हापासून 'क्रूड ऑइल' आपल्याला ओळखीचं झालं, आणि मराठीत आपण त्याला 'कच्चं तेल' म्हणतो. यापेक्षा अचूक भाषांतर लॅटिन पंडितालाही जमलं नसतं. दवाखान्यासाठी याच मुळाचा एक शब्द टिपून ठेवा: रिक्रूडेसन्स, म्हणजे पुन्हा कच्चं होणं, बरी होत आलेली जखम पुन्हा ओली होणं. मलेरियात रक्तात उरलेल्या जंतूंमुळे ताप उलटला तर रिक्रूडेसन्स म्हणतात. यकृतात दडून राहिलेल्या जंतूंमुळे उलटला तर रिलॅप्स. ग्रीकमध्ये याच मुळाचं 'क्रेआस' म्हणजे मांस, आणि तेच पॅन्क्रिआसमध्ये आहे.

आपलं 'रक्त' मात्र या कुळातलं नाही. ते 'रञ्ज्' धातूचं, म्हणजे मुळात 'रंगलेलं'. रंग, राग, रंजन, अनुरक्त त्याचेच. 'विरक्त' म्हणजे रक्त गेलेला नव्हे, रंग उतरलेला.

पायरी 8 : फसव्या शब्दांना बाहेर काढा

'गाणं गायलं' या अर्थाचा सँग इंग्रजीच्या घरचा आहे, रक्ताशी संबंध नाही. सँक्च्युअरीतला 'सँक्ट' पवित्र या अर्थाचा. सॅनिटेशनमधला 'सॅन' निरोगी या अर्थाचा. कझिन रक्ताचा नातलग खरा, पण शब्द कॉन्सँग्विनमधून आलेला नाही, तो बहिणीसाठी असलेल्या लॅटिन शब्दाकडून आलेला आहे. सात अक्षरांची कसोटी लावली की हे आपोआप गळतात.

पायरी 9 : उजळणी

शब्द झाकून फक्त तुकडे वाचा आणि शब्द तयार करा: 'एकत्र अधिक रक्त अधिक पणा', 'बाहेर अधिक रक्त अधिक क्रिया'. उलट दिशेने पाठ केलेला शब्द टिकतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे. तिसऱ्या दिवशी, मग आठव्या दिवशी असंच करा. त्यानंतर प्रत्येक शब्दासाठी स्वतःच्या गावातलं एक वाक्य लिहा. पुस्तकातलं वाक्य उतरवू नका. एका मुलाने लिहिलं होतं, 'हवामान खात्याचा इशारा असूनही पप्पा सँग्विन होते.' त्याचे वडील मासेमारी करतात. तो शब्द त्याला जन्मभर पुरेल.

शेवटचा प्रश्न मी बाजारातूनच घेते. पोर्ट्युनस सँग्विनोलेंटसच्या पाठीवर रक्ताचे थेंब आहेत, तर तिच्या अंगातलं रक्त कोणत्या रंगाचं? सगळे 'लाल' म्हणतात. मग मी एकच शब्द फळ्यावर लिहिते, हिमोसायनिन, आणि फोडायला सांगते. हिमो म्हणजे रक्त. सायनिनमागे ग्रीक कुआनोस, म्हणजे निळा. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं लोखंड असतं, कुर्लीच्या रक्तात त्या जागी तांबं असतं, आणि प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसतं.

नर्सिंगवाल्या त्या मुलीने वहीच्या त्याच पानावर कुर्ली काढली. पाठीवर लाल पेनाने तीन ठिपके, आणि मोडलेल्या एका पायाशी निळ्या पेनाने एक थेंब.